शेवयीएवढा साप

पावसाळ्यात परसातला ओला दगड सरकवला, की कधी कधी खाली काळपट, चकचकीत असं काहीतरी वळवळतं. आपण म्हणतो, गांडूळ आहे. पण नीट पाहा. अंगावर बारीक खवले असतात. मधूनच इवलीशी जीभ बाहेर येते. तो साप आहे! त्याला वाळा म्हणतात. त्याला विष नाही. त्याला मारू नये.

या वाळ्याचा एक लांबचा भाऊबंद आहे. तो बार्बाडोस बेटावर राहतो. क्रिकेटमुळे वेस्ट इंडीजचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या बेटांपैकीच हे एक. लांबी अवघी ३४ किलोमीटर. सकाळी एका टोकाहून चालू लागलात, तर संध्याकाळी दुसऱ्या टोकाला पोचाल.

तिथला हा साप जगातला सर्वांत लहान साप आहे. पुरा वाढला तरी १० सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीतच. जाडी म्हणाल तर जाड शेवयीएवढी. डोळे नावालाच. उजेड आहे की अंधार, एवढंच त्याला कळतं. मातीत राहायचं आणि मुंग्यांची व वाळवीची अंडी, अळ्या खायच्या, हा त्याचा संसार.

मादी एका वेळी एकच अंडं घालते. एकच का? पिलू जन्मतःच आईच्या निम्मं लांब असतं. दोन अंडी घातली तर पिलं आणखी बारीक होतील. मग त्यांच्या तोंडात मावेल एवढा लहान घास कुठून आणायचा? म्हणून एकच, असं शास्त्रज्ञांना वाटतं. आम्हालाही ते पटतं.

पण एकेका अंड्यावर वंश चालवणं सोपं नाही. त्यात १६२७ साली इंग्रज बेटावर राहायला आले. पुढे उसासाठी त्यांनी रान तोडलं. शंभर एकर जुनं रान होतं असं धरा, त्यातलं जेमतेम दोन एकर उरलं. ओली माती गेली, सावली गेली. हेजेस नावाच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली या सापाला नाव दिलं. पण सापाचा पत्ता लागेना. जवळजवळ वीस वर्षं तो कोणाला दिसला नाही. संपला की काय?

मार्च २०२५ मध्ये शोधणाऱ्यांनी झाडाच्या मुळाखाली अडकलेला एक दगड उचलला. खाली बारीक साप! पण लगेच आनंद करता येईना. कारण आपल्याकडचा वाळाही कुंड्यांच्या मातीतून त्या बेटावर पोचला आहे, आणि दोघं दिसतात सारखेच. वाळ्यात सगळ्या माद्याच असतात. नर लागतच नाही. एक मादी पोचली तरी वस्ती होते. या बिचाऱ्याला मात्र जोडीदार शोधावा लागतो, तोही एवढ्याशा उरलेल्या रानात.

म्हणून सापाला विद्यापीठात नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पाठीवर फिकट पट्टे होते. डोळे डोक्याच्या कडेला होते. तोच तो! मग त्याला परत रानात नेऊन सोडलं.