मोटारसायकलची झिलई

पितळेची भांडी चिंच व राख लावून घासली की लख्ख होतात. हाच उपाय मोटारसायकलच्या हँडलवर व मडगार्डवर केलेला आम्ही पुष्कळ घरी पाहतो. हेतू चांगला असतो; परिणाम मात्र उलट होतो.

पितळेचे भांडे आतबाहेर पितळेचेच असते. वरचा थर झिजला तरी खाली पुन्हा पितळच लागते. मोटारसायकलच्या चकचकीत भागांचे तसे नाही. तेथे पोलादावर विजेच्या साहाय्याने आधी निकेलचा आणि मग क्रोमियमचा मुलामा चढवितात. क्रोमियमचा हा पदर बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. तो झिजला किंवा त्याखालच्या निकेललाही चरे पडले, की पाणी पोलादापर्यंत पोहोचते व आतून गंज धरतो.

सुरतेच्या दमट हवेत याला वेळ लागत नाही. ऑगस्ट २००६ मधील तापीच्या महापुराने शहरात घरोघरी गाळ शिरला होता. असा वाळलेला गाळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे वाळूने घासणेच होय.

म्हणून गाडी थंड झाल्यावर प्रथम भरपूर पाण्याने धूळमाती वाहू द्यावी. मग सौम्य साबणाच्या पाण्यात भिजविलेले मऊ फडके हलकेच फिरवावे, पुन्हा धुवावे व पूर्ण कोरडे करावे. शेवटी मेणाच्या पॉलिशचा पातळ हात द्यावा.

गेलेला मुलामा घासून परत येत नाही. वडिलांची गाडी पुसावयास घेताना विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.