मंडळ एक, गट अनेक

महिला मंडळाची वार्षिक सभा पाहून मंडळाचा अंदाज बांधू नये. तिथे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं, ताळेबंद टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो, कार्यकारिणी बहुतेक वेळा बिनविरोध निवडून येते आणि चहा-बटाटेवड्यावर सभा आटोपते. मंडळ खरं चालतं ते एरवीच्या दुपारी: भजनी गटात, मंगळागौरीच्या तालमीत, भिशीला, पुस्तकांच्या देवघेवीला. डोंबिवली असो, सांगली असो की नाशिक, दारावरची पाटी बदलते, रचना फारशी बदलत नाही. शंभर-दीडशे सभासदांच्या मंडळाला वर्षभर जागं ठेवतात ते दहा-पंधरा जणींचे हे छोटे गट.

ही रचना आजची नाही. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हा बायकांनी घराबाहेर एकत्र जमणं हेच धाडस होतं. रमाबाई रानडे या समाजात घडल्या. पुढे त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयात असताना रमाबाईंनी तिथे हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब उभा केला. नावातच ‘सोशल’ आणि ‘लिटररी’ दोन्ही होतं. भाषा, सामान्यज्ञान, शिवण आणि हस्तकला असे वेगवेगळे वर्ग तिथे चालत. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेव्हा हाच अनुभव त्यांच्या गाठीशी होता. ज्या बाईला सभेत उभं राहून दोन वाक्यं बोलता येत नव्हती, तिला शिवणाच्या वर्गाचं निमित्त पुरत असे. घरीही ते निमित्त सांगता येई.

आजच्या मंडळाचं कागदोपत्री घर १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या दोघांनी मिळून बांधलेलं आहे. पहिल्या कायद्याला किमान सात जणी लागतात. दुसऱ्यानुसार विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. ही धावपळ अध्यक्षा, चिटणीस आणि खजिनदार यांच्या वाट्याला येते. गटांना यातलं काही नसतं. गट नोंदवलेला नसतो, त्याला घटना नसते. वार ठरलेला असतो, आणि न येणारीला फोन जातो.

भजनी गट बहुधा सर्वांत जुना. सुरुवातीला चार टाळ आणि एक पेटी असते; तबल्याला कुणाचा तरी मुलगा किंवा शेजारचे काका बोलवावे लागतात. मग एखादी म्हणते, मीच शिकते. ढोलकीवर किंवा पखवाजावर बाईचा हात पडला की गट स्वतःच्या पायावर उभा राहिला असं समजावं. काळी चार किंवा काळी पाच ही पट्टी ठरते, वह्या भरत जातात, आणि क्रम अंगवळणी पडतो: नामाचा गजर, रूपाचा अभंग, मग इतर अभंग, गौळण, भारूड, शेवटी भैरवी. स्पर्धेत उतरायचं तर वही न बघता म्हणावं लागतं. पाठांतर, उच्चार, ताल यांना गुण असतात, वेळेची मर्यादा असते. साठीनंतर पहिल्यांदा परीक्षेला बसल्यासारख्या बायका दुपारभर एकाच कडव्यावर अडून राहतात. ‘सम कुठे आली?’ हा प्रश्न स्वयंपाकघरात विचारला जाऊ लागतो, तो इथूनच.

मंगळागौरीच्या गटाची गोष्ट आणखी वेगळी. मूळ व्रत नवविवाहितेचं. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, श्रावणातल्या मंगळवारी पूजा आणि रात्री जागरण. जागरणासाठी खेळ: झिम्मा, पिंगा, नाच गं घुमा, कोंबडा, किस बाई किस, गाठोडं, आगोटा-पागोटा, सासू-सुनेचं भांडण. एकट्या फुगडीचीच साधी, बस, दंड, नखुली, जातं, लोळण अशी किती रूपं! गटातल्या जाणत्या बायका शंभरावर प्रकार सांगतात. हे खेळ घरच्या माजघरात खेळले जात, आणि तिथे बघणारी वेगळी नसे. आलेली प्रत्येक जण खेळात.

सभागृहात आल्यावर अडचण उभी राहिली ती रिंगणाची. माजघरातलं रिंगण आत बघतं, रंगमंचावर मात्र निम्म्या बायकांची पाठ प्रेक्षकांना दिसते. म्हणून गटांनी रिंगणं उघडली, अर्धवर्तुळं केली, दोन ओळी समोरासमोर आणल्या, एका खेळातून दुसऱ्या खेळात जाण्याच्या वाटा बसवल्या. एक तासाचा सलग कार्यक्रम, शिवलेल्या नऊवारी, गाणारी आणि ढोलकीवाली बाजूला. आषाढ लागताच तालमी सुरू होतात, कारण श्रावणात मंगळवार चार, फार तर पाच. एकाच दिवशी दोन-दोन ठिकाणी बोलावणं येतं. मानधन ठरवून घेणं, रिक्षा-टेम्पोचा हिशेब, कुणाचा गुडघा धरला तर बदली कोण, हे सगळं गटातल्याच बायका बघतात.

या बदलात आणखी एक गोष्ट घडली, आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. पूजेला बसायला सवाष्ण असावं लागत होतं. खेळ बसवायला दम आणि ताल असला की पुरतं. खेळ व्रतापासून सुटा झाला आणि पन्नाशीतली, एकटी राहणारी, घटस्फोटित, विधवा अशी कुणीही गटात येऊ शकली. बसफुगडीत कोण किती टिकतं एवढंच तिथे मोजलं जातं.

भिशीला तर कुणी सांस्कृतिक म्हणणार नाही, तरी मंडळात सर्वांत शिस्तीचा गट तोच. बारा जणी महिन्याला हजार रुपये काढतात. बारा हजार जमतात, चिठ्ठी निघते, जिची निघेल तिचे पैसे. तिने उरलेले महिने भरत राहायचं. पहिल्या चिठ्ठीवालीला बिनव्याजी कर्ज मिळतं, शेवटचीला बिनव्याजी बचत करावी लागते, आणि हा अन्याय चहा-फराळाच्या आनंदात कुणी मनावर घेत नाही. तारण एकच, तोंडओळख. म्हणून ओळखीच्या बाहेर फुगलेल्या लिलाव भिश्या बुडतात आणि बारा जणींच्या भिश्या वर्षानुवर्षं चालतात. बचत गट हा याचा औपचारिक भाऊबंद. तिथे दहा ते वीस सभासद असतात, इतिवृत्त आणि बँकेचं खातं असतं. राज्यात १९७५ पासून असलेलं महिला आर्थिक विकास महामंडळ अशा गटांचं जाळं विणत आलं आहे. किती तरी जणींनी नवऱ्याला न विचारता पहिला मोठा खर्च केला तो भिशीच्या पैशातून.

भिशीचंच गणित वापरून काही ठिकाणी पुस्तक भिशी चालते. जिची चिठ्ठी निघेल तिने त्या रकमेची पुस्तकं घ्यायची आणि पुढल्या वेळी त्यांबद्दल बोलायचं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातल्या पेट्यांनाही असे वाचक गट सोयीचे ठरले: पेटी एका घरी ठेवायची, वाचून झाल्यावर पेटी पुढच्या गटाकडे. नाट्यवाचनाचे गट त्याच्या पुढची पायरी. बायकांच्या हौशी गटाची ताकद किती, हे स्त्रीमुक्ती संघटनेच्या ज्योती म्हापसेकरांच्या ‘मुलगी झाली हो’ या १९८३ च्या नाटकाने दाखवलं. त्यात कार्यकर्त्याच नटी झाल्या आणि नाटक गावोगाव पोचलं.

आता मंडळाच्या सर्वांत गर्दीच्या कार्यक्रमाकडे, हळदीकुंकवाकडे, बघा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हॉल भरतो, वाण लुटलं जातं, प्लास्टिकचे डबे घरोघर जातात. आणि सतत भजनाला येणारी, पेटी वाजवणारी एखादी त्या दिवशी येत नाही. तिला कुणी येऊ नको म्हणत नाही; बोलावणंच जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. त्यानंतर काही मंडळांनी ‘तिळगूळ समारंभ’ असं नाव बदलून सगळ्यांना बोलवायला सुरुवात केली. पण नाव न बदलता आमंत्रणाची यादी बदलणारी मंडळं त्याहून मोठी.

बाईला नवऱ्याच्या दाराने आत घेणं ही केवळ आपली खोड नाही. १९२४ साली मँचेस्टरला सुरू झालेल्या इनर व्हील क्लबमध्ये रोटरी सदस्यांच्या पत्नींनाच जागा होती. पुढे नियम सैल झाले. आपल्याकडच्या गटांनी मात्र हे दार ठराव न करता, कामाच्या ओघात ओलांडलं आहे.

तरीही गट निर्दोष नाहीत. दुपारी तीनला जमणाऱ्या गटात नोकरदार सून येऊ शकत नाही, आणि त्याच सोसायटीत चार घरची भांडी घासणारी तर विचारातही नसते. एका आळीतल्या, एका जातीतल्या, एका वयाच्या बायका जमतात आणि वीस वर्षांनी गट त्यांच्यासोबतच थकतो. भजनी गट असे कितीतरी मिटले. पेटी कपाटावर गेली आणि वह्या रद्दीत. जे टिकले त्यांनी तालीम रात्री नऊला नेली, किंवा रविवारी सकाळी, आणि नव्या मुलीला पहिल्याच दिवशी टाळ हातात दिले.

म्हणून मंडळांना एक साधी सूचना. नव्या सभासदाच्या अर्जावर ‘पतीचे नाव’ हा रकाना अजून असेल, तर तो पुढल्या छपाईत काढून टाका. त्या जागी दोन प्रश्न घाला: काय येतं, आणि काय शिकायचं आहे? अर्ज आलेल्या आठवड्यातच तिला एखाद्या गटाचा वार आणि वेळ कळवा. वर्गणी त्यानंतर घेतली तरी चालेल.