‘उन्हाळी’ म्हणून दुर्लक्ष नको

चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर गेला की लघवीला जळजळ होण्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्याचे पाणी किंवा सब्जा दिला जातो. शरीरातील पाणी घटल्याने होणारी जळजळ त्याने शमतेही. मात्र सतत लघवीची भावना होणे, थेंब थेंब लघवी होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ वा लालसर दिसणे ही लक्षणे असतील, तर तो बहुधा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतो.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांबीची असल्याने आतड्यातील ‘ई. कोलाय’ हे जीवाणू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. साधारणतः निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. महाविद्यालयीन वयात तर त्याला अनेक निमित्ते मिळतात. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. भामरागड, सिरोंचा, जिवतीसारख्या दूरच्या तालुक्यांतून शिकायला निघालेल्या मुलीपुढे लांबचा बसप्रवास असतो. वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसली, की पाणी कमी पिणे आणि लघवी रोखून धरणे हाच उपाय उरतो. जंतूंना नेमके हेच हवे असते.

खरी गुंतागुंत यापुढे सुरू होते. संकोचामुळे डॉक्टरांकडे न जाता मैत्रिणीने सुचविलेल्या किंवा औषध दुकानातून मागून आणलेल्या दोन-चार गोळ्या घेतल्या जातात. प्रतिजैविकाने दुर्बल जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. प्रतिकाराची जनुके ते दुसऱ्या जंतूंनाही देतात. हे केवळ मूत्राशयात नव्हे, तर आतड्यातही घडते. म्हणूनच विषाणूजन्य सर्दीसाठी विनाकारण घेतलेली प्रतिजैविकाची गोळीदेखील पुढच्या मूत्रसंसर्गाचा उपचार अवघड करू शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ पासून उभारलेल्या जाळ्यातील मोठ्या रुग्णालयांच्या अहवालांनुसार, ई. कोलायच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर सिप्रोफ्लॉक्सासिन हे एकेकाळचे हमखास औषध निष्प्रभ ठरते. नायट्रोफ्युरँटॉइन व फॉस्फोमायसिन अद्याप बऱ्याच अंशी उपयोगी आहेत. ती तशीच टिकवणे आपल्या हाती आहे.

या संकोचाची किंमत गडचिरोलीने पूर्वीच जगाला दाखवून दिली आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी येथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. तो अभ्यास मूत्रसंसर्गापुरता नव्हता. पण न सांगितलेला आजार बरा होत नाही, हा त्याचा धडा येथेही लागू पडतो. फरक इतकाच, की तेव्हा औषध पोहोचत नव्हते. आज ते सल्ल्याविनाच हातात पडते.

मग करावे काय? लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवावे. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल किंवा औषधाने उतार पडत नसेल, तर लघवीच्या ‘कल्चर’ तपासणीविषयी विचारावे. ही तपासणी प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी करणे श्रेयस्कर. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक बाटलीत घ्यावी. सांगितलेले औषध सांगितले तितके दिवस घ्यावे. उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नयेत. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणे, उलट्या ही संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी, तसेच गरोदरपणात व मधुमेहात, विलंब नकोच.

महाविद्यालयांनीही पाण्याची सोय असलेली, दिवसभर उघडी राहणारी स्वच्छतागृहे हा आरोग्याचाच प्रश्न मानावा. मुलीला न लाजता पाणी पिता आले आणि न लाजता तक्रार सांगता आली, तर अनेक गोळ्यांची गरजच पडणार नाही.