चारित्र्य पडताळणी आणि लपविलेले व्यसन

दहिसरसारख्या उपनगरातील महाविद्यालयांत पदवी हाती पडण्याआधीच पोलीस भरती, रेल्वे आणि केंद्रीय राखीव दलांचे अर्ज भरणारे विद्यार्थी पुष्कळ. मैदानी चाचणीसाठी सारे घाम गाळतात. पण निवडीनंतर हाती पडणाऱ्या साक्षांकन नमुन्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. माझ्या मित्रमंडळींत मात्र एक प्रश्न दबक्या आवाजात हमखास निघतो : पूर्वी कधी गांजा ओढला असेल, तर ते लिहायचे की गाळायचे?

प्रथम हे पाहू, की नमुना विचारतो तरी काय. केंद्र सरकारच्या नमुन्यात अटक, खटला, दंड, शिक्षा किंवा विद्यापीठाने परीक्षेस केलेली बंदी यांविषयी प्रश्न असतात. खोटी माहिती देणे वा खरी दडविणे ही अपात्रता ठरेल, असा इशाराही त्यावर छापलेला असतो. निव्वळ व्यसनाबद्दल तेथे प्रश्न नसतो. परंतु अमली पदार्थाचे सेवन हा १९८५ च्या कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे. त्याखाली अटक किंवा खटला झाला असेल, तर ती हकीकत वरील प्रश्नांत आपोआप येते. अमेरिकेत मात्र सुरक्षाविषयक पदांसाठी वर्षानुवर्षे वापरलेल्या ८६ क्रमांकाच्या फॉर्मने मागील सात वर्षांतील सेवनच थेट विचारले.

सरकारला ही उठाठेव कशासाठी? ज्याच्या हाती गुप्त कागद किंवा शस्त्र द्यायचे, त्याचे गुपित दुसऱ्याच्या मुठीत असेल, तर त्या मुठीच्या दाबाने तो वाकू शकतो. उघड केलेल्या गोष्टीची कोणी धमकी देऊ शकत नाही. म्हणून जुन्या चुकीपेक्षा तिच्यावर घातलेले पांघरूण अधिक धोक्याचे मानले जाते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २०१६ साली याचा सविस्तर विचार केला. माहिती खरीच हवी, असे न्यायालयाने बजावले. तथापि तरुण वयातील घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब दडविली असल्यास नोकरी देणारा ती आपल्या अधिकारात माफ करू शकतो, असेही म्हटले. प्रश्न मोघम नसावेत. जे स्पष्टपणे विचारले आहे तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक आहे. अर्थात खरे सांगितले म्हणजे नेमणूक पदरात पडलीच, असे नाही. पूर्वेतिहास तपासून निर्णय घेण्याचा अधिकार सरकारकडे राहतोच.

या भीतीचा खरा बळी निराळाच आहे. उपचार घेतले तर नाव कायमचे नोंदले जाईल आणि नोकरी बुडेल, या समजुतीने व्यसनात अडकलेला तरुण दवाखान्याची पायरी चढत नाही. वस्तुतः कायद्याचा कल उलट आहे. १९८५ च्या त्याच कायद्यातील कलम ६४ क प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील मालाचा आरोप असलेला व्यसनी सरकारी वा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार आपल्या कक्षेत घेतले असून रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, तेव्हा मुंबईपुण्याची कितीतरी घरे गर्दने पोखरली होती. तेथून बरे होऊन बाहेर पडलेल्यांनी पुढे इतरांनाही हात दिला आहे.

तेव्हा मित्रांनो, प्रत्येक प्रश्न दोनदा वाचा. अटक, खटला आणि शिक्षा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानी ठेवा. निर्दोष सुटका झाली तरी खटला झाला होता, हे उत्तर बदलत नाही. शंका आल्यास वकिलाला विचारा. आणि ज्याला सवय सुटत नाही, त्याने फॉर्म येण्याची वाट न पाहता आजच उपचार सुरू करावेत. नोकरी उद्याची, प्रकृती आजची आहे.