शेवटच्या सायकलस्वारामागची गाडी

गेल्या काही वर्षांत आपल्या बेळगावातील डॉक्टर मंडळींमध्ये सायकलीचा छंद चांगलाच रुजला आहे. थंडी सुरू झाली की जांबोटी, कणकुंबी, चोर्लामार्गे पणजीपर्यंतच्या सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासाचे बेत आखले जातात. या मोहिमांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु सायकलस्वारांबरोबर जाणाऱ्या मदतगाडीविषयी सहसा कोणी बोलत नाही. सामान वाहणारी आणि पंक्चर काढणारी गाडी, एवढीच तिची ओळख. अशा काही मोहिमांत ही गाडी चालविण्याचे काम माझ्याकडे आले. त्या अनुभवावरून सांगतो, की या कामात गाडी हाकणे थोडे आणि निरीक्षण फार आहे; म्हणूनच ते डॉक्टरने करण्यासारखे आहे.

पहिला प्रश्न, गाडी असावी कोठे? नवख्याला वाटते, सायकलींच्या मागोमाग संथपणे चालावे. सपाटीवर सायकलींचा वेग ताशी १५ ते २० किलोमीटर, तर चढावर ८ किलोमीटरच्याही खाली असतो. इतक्या मंद गतीने गाडी चालू लागली, की मागची वाहने तिला वळणावरच ओलांडू पाहतात. समोरून ट्रक आला की ती डावीकडे दाबतात आणि डावीकडे नेमका आपला सायकलस्वार असतो. म्हणजे रक्षणासाठी ठेवलेली गाडीच संकटाचे कारण ठरते. यास्तव गाडीने टप्प्याटप्प्याने जावे. सपाटीवर १० ते १२ किलोमीटर, घाटात ३ ते ४ किलोमीटर पुढे जाऊन, रस्त्यापासून पुरेशी दूर मोकळी जागा पाहून थांबावे. सर्व सायकली पुढे गेल्या की पुन्हा निघावे. अकरा जण निघाले असतील, तर अकरा मोजल्याखेरीज गाडी हलवू नये.

चोर्ल्याच्या उतारावर मात्र क्रम बदलतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे; घाट उतरून केरीला येईपर्यंत सहाशे मीटरहून अधिक उंची सरते. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास चाकाची रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. म्हणून मध्ये थांबून रिम निवू द्यावी आणि गाडीने खालच्या गिअरमध्ये, अंतर राखून, सर्वांच्या शेवटी उतरावे. घाटात मोबाइलची रेंज भरवशाची नसते. त्यामुळे थांब्यांच्या जागा व वेळा आधीच कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्याव्यात. येथे कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांच्या सीमा जवळ येतात. १०८ वर फोन लागलाच, तर प्रथम राज्य, तालुका आणि जवळचे गाव सांगावे. नुसते ‘चोर्ला घाटात’ म्हणून भागत नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक थांब्यावर पहिले येणारे वीस मिनिटे विसावतात, चहा घेतात आणि शेवटचा येताच ‘चला’ म्हणून उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. तोही संकोचाने दोन घोट पाणी पिऊन निघतो. चार थांब्यांनंतर तो थकव्याच्या पलीकडे गेलेला असतो. त्यामुळे थांब्याची वेळ शेवटचा माणूस सायकलवरून उतरल्यापासून मोजावी, हा नियम मी पहिल्याच सभेत सांगतो.

सर्वांना धास्ती घाटाची असते. माझ्या मते अधिक जपायचे ते घाट संपल्यानंतर, साखळीपासून पणजीपर्यंत. पहाटेच्या गारव्यात पठारावर तहान जाणवत नाही. दुपारी खाली येताच उष्मा आणि दमटपणा एकदम वाढतो, घाम सुकत नाही आणि शरीर निवत नाही. बोलण्यात असंबद्धता, तोल जाणे, चिडचिड ही लक्षणे दिसली, की उष्माघात गृहीत धरावा. काखेतला थर्मामीटर अशा वेळी फसवतो. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर असू शकते. रुग्णाला आधी थंड करावे, मग हलवावे: सावली, अंगभर पाणी, वारा, बर्फाच्या पाण्यातले टॉवेल सतत बदलणे. त्यासाठी बर्फाची पेटी आणि सहा टॉवेल गाडीत हवेतच.

याच्या उलट प्रकारही घडतो. नुसते पाणी भरमसाट प्यायल्याने रक्तातील सोडियम घटते. डोकेदुखी, उलटी, सुजलेली बोटे, घट्ट झालेली अंगठी आणि पुढे गोंधळलेली अवस्था ही त्याची लक्षणे. अशाला आणखी पाणी देणे घातक. त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. म्हणून तहानेनुसार प्यावे आणि सोबत खारे काही खावे. ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावी. मधुमेहींसाठी ग्लुकोज व ग्लुकोमीटर आणि छातीत दुखल्यास ॲस्पिरिन हाताशी ठेवावे. प्रत्येकाचे वय, औषधे, ॲलर्जी आणि घरचा दूरध्वनी लिहिलेली वही चालकाजवळ असावी. ट्यूब, पंप, साखळीची जोडकडी आणि ब्रेक पॅड हे तर ओघाने आलेच.

परंतु सर्वांत अवघड साधन पेटीत मावत नाही. ते म्हणजे ‘आता गाडीत बसा’ असे सांगण्याचा अधिकार. डॉक्टर हा रुग्ण म्हणून कठीण. स्वतःचे निदान स्वतःच करून मोकळा होतो. २०१८ च्या जानेवारीत साखळीच्या पुढे एक ज्येष्ठ सर्जन नागमोडी सायकल चालवू लागले. त्यांच्या हाताखाली मी शिकलेलो. ‘मी ठीक आहे’, ते म्हणाले. मी विचारले, “सर, मागचा थांबा कोणता होता?” त्यांनी जांबोटी सांगितले, ती तर सकाळीच मागे पडली होती. “सर, कालच्या सभेत ठरले आहे. गाडीतल्या माणसाचा शब्द अखेरचा.” ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मुकाट्याने उतरले. सावलीत ओले टॉवेल अंगावर घेतल्यावर अर्ध्या तासात त्यांचे बोलणे सुसंगत झाले. मग त्यांना तपासणीसाठी रुग्णालयात नेले.

तो नियम आदल्या रात्री सर्वांसमक्ष ठरला नसता, तर भर रस्त्यात गुरूला शिष्याने थांबवणे शक्य झाले नसते. म्हणून येत्या मोहिमेच्या आयोजकांना एवढेच सुचवतो: मार्ग ठरविण्याआधी गाडीत कोण बसणार हे ठरवा. एक चालक आणि एक निरीक्षक, असे दोघे असावेत. दोघांचीही आदल्या रात्री पुरेशी झोप झालेली असावी. पणजीला पहिला सायकलस्वार पोहोचला, की छायाचित्रे निघतात. गाडीचे काम त्या वेळी संपलेले नसते. शेवटच्याने सायकल भिंतीला टेकवून घरी फोन केला, म्हणजे ते संपते.