गीझरची ज्योत निळी असावी



हुबळीच्या गोकुळ रोडवर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले, त्या मराठी घरांत तांब्याचा बंब अद्याप कोठेतरी माळ्यावर सापडेल. पहाटे त्याच्या मधल्या नळकांड्यात ढलप्या आणि भुईमुगाच्या शेंगांची टरफले टाकून विस्तव करावयाचा, हे घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे ठरलेले काम असे. बंब नीट पेटेना, तर तो माणूस दोनच गोष्टी पाही : खालची जाळी राखेने बुजली आहे काय, आणि वरचे तोंड मोकळे आहे काय. खालून हवा आत यावी आणि वरून धूर बाहेर जावा, एवढेच बंबाचे शास्त्र होते.

आज बंबाची जागा बहुतेक घरांत गीझरने घेतली आहे आणि त्यांतील अनेक गीझर सिलिंडरच्या गॅसवर चालतात. यंत्र बदलले, परंतु विस्तवाचे शास्त्र बदललेले नाही. फरक इतकाच की, बंब बिघडला म्हणजे धुराने डोळे चुरचुरत व सर्वांना ते कळे. गॅसचा गीझर बिघडतो तो मात्र मुकाट्याने.

दोन हिवाळ्यांपूर्वी याच रस्त्यावर राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरी घडलेली हकीकत सांगतो. त्यांच्या मुलीचे डोके रोज आंघोळीनंतर दुखे, मळमळे. पित्त झाले असेल म्हणून आले-लिंबू दिले जाई. एके सकाळी ती न्हाणीघराच्या दारातच कोसळली. कडी लावलेली नव्हती, म्हणून तिला तात्काळ अंगणात आणता आले आणि ती वाचली. गार वारा लागू नये म्हणून झरोक्यावर पुठ्ठा ठोकलेला होता. गीझर नीट चालत नाही म्हणून त्या महिन्यात त्याचे सेल दोनदा बदलले गेले होते. पण त्याची ज्योत पिवळी झाली आहे, याकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

याचे कारण समजून घेऊ. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण जोराने चालला, तर तासाभरात जवळजवळ एवढा गॅस जाळतो. आता दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशा न्हाणीघरात हवा असते ती अवघी साडेसात घनमीटर. घरातील चार माणसे एकामागून एक स्नान करू लागली आणि झरोका बंद असला, तर प्राणवायू कमी पडू लागतो व गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पट अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. माणसाला प्रथम डोके जड वाटते, मग पायांतील बळ जाते, आणि दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

म्हणून गीझरची तपासणी करताना पहिला प्रश्न हवेचा. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी, हाच खरा उपाय होय.

यानंतर किरकोळ बिघाड पाहू. नळ सोडल्यावर टकटक आवाज मुळीच होत नसेल, तर सेल काढून त्यांच्या पट्ट्यांवर चढलेला गंज कोरड्या फडक्याने पुसावा व नवे सेल घालावेत. तरीही आवाज नसेल, तर पाण्याचा दाब पाहावा. छपरावरील टाकी गीझरपासून फार उंच नसेल, किंवा पाणी आत येते तेथील बारीक जाळी गाळाने बुजली असेल, तर गीझर पेटत नाही. पाणी व गॅस बंद करून ही जाळी घरीही धुता येते. आवाज होतो पण ज्योत लागत नाही, असे असेल तर सिलिंडर, रेग्युलेटर व गॅसची चावी पाहावी. सिलिंडर नुकताच बदलला असल्यास नळीत हवा राहते. दोन-तीनदा नळ सोडून बंद केला म्हणजे ती निघून जाते. सुमारे वीस मिनिटांनी गीझर आपोआप विझत असेल, तर तो बिघाड नव्हे. अनेक गीझरांत ती सुरक्षेची योजनाच असते. कूपनलिकेच्या जड पाण्याने आतील तांब्याच्या नळीत क्षार साचतात व पाणी पुरेसे तापेनासे होते. ही सफाई मात्र कारागिराकडूनच करवून घ्यावी.

ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसली किंवा आवरणावर काजळी धरली, तर त्याच क्षणी गीझर बंद करावा. बर्नरमध्ये तार घालणे, पडद्याचे रबर बदलणे, आवरण खोलणे ही कामे घरी करू नयेत. गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कोणत्याही बटणास हात लावू नये, आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. कोणी न्हाणीघरात बेशुद्ध आढळल्यास त्यास प्रथम मोकळ्या हवेत आणावे, ११२ वर कळवावे आणि विलंब न लावता प्राणवायू मिळेल अशा रुग्णालयात न्यावे.

जुन्या घरातील माणूस बंब पेटविण्यापूर्वी जाळी व तोंड पाहत असे. आपणही उद्या पहाटे नळ सोडण्यापूर्वी झरोका पाहावा आणि नळ सोडल्यावर ज्योतीचा रंग पाहावा. याला अर्धे मिनिटही लागत नाही.