एका फळीचा संसार

मंडळी, इंग्रजीत काही शब्द जुन्या एकत्र कुटुंबासारखे असतात. आडनाव एकच, पण प्रत्येकाचा धंदा निराळा! ‘बोर्ड’ हा त्यातलाच. विमानतळावर बोर्डिंग पास, ऑफिसात व्हाइटबोर्ड, कंपनीच्या डोक्यावर बोर्ड ऑफ डायरेक्टर्स. इथे सुट्टीत कुठे फिरायला जावं तर हॉटेलवाला विचारतो, ‘हाफ बोर्ड की फुल बोर्ड?’ आणि आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले, तेव्हा कीबोर्ड आणि मदरबोर्ड म्हणजे आमची रोजीरोटीच. एवढ्या सगळ्यांचं एकमेकांशी नातं तरी काय?

नातं अगदी साधं आहे. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. लिहायची फळी झाली ब्लॅकबोर्ड, म्हणजे आपला फळा. कप ठेवायची फळी झाली कपबोर्ड. तिला दारं लागून कपाट झालं ते नंतर. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सर्किट जुळवायला आम्ही ‘ब्रेडबोर्ड’ वापरायचो. त्याला हे नाव पडलं कारण पूर्वीचे हौशी लोक घरातल्या पाव कापायच्या फळीवरच खिळे ठोकून सर्किट बसवायचे. म्हणजे मदरबोर्डचं माहेर थेट स्वयंपाकघरात निघालं म्हणायचं!

जहाजाची बाजू फळ्यांची, म्हणून तीही बोर्डच. त्यावरून जहाजावर चढणं म्हणजे ‘बोर्डिंग’. जहाजं जाऊन विमानं आली, फळ्या जाऊन ॲल्युमिनियम आलं, पण शब्द काही खाली उतरला नाही. जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, पण त्याचा ताऱ्यांशी काही संबंध नाही. जुन्या जहाजांचं सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असे, म्हणून ती सुकाणूची बाजू, ‘स्टिअर’ची.

आता फळीला पाय लावा, टेबल तयार. पत्ते खेळताना ज्याचे हात टेबलाच्या वर दिसतात तो लबाडी करत नाही, म्हणून सचोटीच्या व्यवहाराला ‘अबव्ह बोर्ड’ म्हणतात. (आमच्या खजिनदारांनी नोंद घ्यावी!) टेबलाभोवती बसून जे कारभार पाहतात, त्या माणसांनाही बोर्डच म्हणू लागले. हेच बोर्ड मग इंग्रजांबरोबर आपल्याकडे आलं. आपल्या आजोबांची शाळा ‘लोकल बोर्डाची’ होती. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हा लोकल बोर्ड गेलं, पण दहावीच्या बोर्डाची धास्ती अजून आहे ती आहेच. मराठीत आपण या बोर्डाला ‘मंडळ’ म्हटलं. इंग्रजांना मधलं टेबल दिसलं, आपल्याला भोवतीचं रिंगण दिसलं. अर्थात ‘फळी’लाही आपण सोडलेलं नाही. क्रिकेटमधली मधली फळी आणि पक्षातली तरुणांची फळी ही माणसंच की!

टेबलाचा दुसरा उपयोग जेवणाचा, म्हणून बोर्ड म्हणजे जेवणही. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, फुल बोर्ड म्हणजे तिन्ही वेळचं. आपल्याकडेही ‘पाटपाणी झालं का?’ म्हणजे जेवायची तयारी झाली का, असंच विचारतात. पाट काय, बोर्ड काय, शेवटी लाकडाची फळीच. गावोगावच्या एस.टी. स्टँडसमोर ‘लॉजिंग-बोर्डिंग’ अशी पाटी असायची. पुष्कळांना वाटतं, दोन्हीचा अर्थ राहायची सोय. तसं नाही. लॉजिंग म्हणजे खोली, बोर्डिंग म्हणजे ताट.

हा फरक ज्यांना नेमका कळला होता अशी माणसं महाराष्ट्रात होऊन गेली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे अनेक समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातला मुलगा शिकत नाही तो बुद्धी नाही म्हणून नव्हे, शाळेच्या गावात त्याला दोन वेळचं जेवायला कोण घालणार म्हणून, हे त्यांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. खोल्या एकदा बांधल्या की झाल्या, पण भूक रोज लागते. त्यांना दागिने मोडावे लागले ते भिंतींसाठी नाही, भाकरीसाठी.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे यंदाचा आपला निधी. ज्या मुलींच्या वसतिगृहासाठी आपण तो जमवतो आहोत, तिथे इमारत आहे, खाटा आहेत, नळाला पाणीही आहे. म्हणजे लॉजिंग आहे, अडचण बोर्डिंगची आहे. इमारतीला देणगीदार मिळतो, कारण दारावर नावाची पाटी लागते. आमटी-भातावर कोणाचं नाव कोरता येत नाही, म्हणून मेसच्या खर्चाला कोणी पुढे येत नाही. आणि मेस बंद पडली की मुलगी घरी जाते, अन् एकदा घरी गेलेली मुलगी पुन्हा शाळेत येईलच याची खात्री कोणी द्यावी?

तेव्हा मंडळी, या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर फॉर्म आहे. त्यात ‘हाफ बोर्ड’ आणि ‘फुल बोर्ड’ असे रकाने नाहीत. पण भरताना तो हॉटेलवाल्याचा प्रश्न जरूर आठवा, आणि त्या मुलींच्या वतीने उत्तर द्या.